पदराचा वास
विडीचा वास आला, की मला अमरावतीच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. “वजन भरलं, घरी न्या आता!” नर्स ओरडली, आणि इतके दिवस काचेच्या पेटीत ठेवलेली माझी इवलीशी लेक पहिल्यांदा माझ्या कुशीत आली! मोठ्या जाऊबाई तर हरखून वार्डातच नाचल्या. सासूबाई त्यांच्यावर खेकसल्या, “सरक तिकडे! तुले लेकरू नाई, तुयीच नजर लागली होती माया नातीले.” मी गप्प राहिले. धुरानं पोटातलं बाळ वाढत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि मळमळ थांबावी म्हणून गोठ्यामागे रोज विड्या ओढत होते मी. आता त्याच लेकीला दिवस गेलेत. काल जाऊबाईंसमोर तिला सगळं सांगून टाकलं. जाऊबाई म्हणाल्या, “मले तवाच मालूम होतं, बाई. तुया पदराले वास येत होता.”