साहेबांची उडी

"कोनं भरलं हे?"

उत्तर माहीत असूनही साहेब हा प्रश्न विचारायचे. मग चष्मा खिशात ठेवायचे, पँट जरा वर ओढायचे आणि भर रस्त्यात, नुकत्याच बुजवलेल्या चरावर दोन्ही पाय जुळवून उडी मारायचे. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला सरकारी माणूस अकोल्याच्या रस्त्यात उड्या मारतोय, हे बघायला टपरीवरची माणसं चहा सोडून बाहेर यायची. पाय खचला की साहेब माझ्याकडे बघायचे. माझा दिवस तिथेच संपायचा.

मी घरगुती नळजोडणीची कामं घेतो. पाण्याची लाइन रस्त्याच्या एका बाजूने जाते आणि गिऱ्हाइकाचं घर नेमकं दुसऱ्या बाजूला असतं, त्यामुळे रस्ता फोडल्याशिवाय आमचं पोट भरत नाही. फोडायचा तर परवानगी हवी आणि ती साहेबांच्या हातात. नियम तसे सगळीकडेच असतात. रस्ता अर्धा-अर्धा खोदायचा, कठडा लावायचा, लाल कापड बांधायचं. पावसाळ्यात खोदकाम बंद. आधीचा चर नीट भरल्याशिवाय पुढची परवानगी नाही. इतर ठिकाणी या नियमांखाली सही करून माणसं कामाला लागतात. आमच्या नशिबी ते पाळणारा माणूस आला होता.

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. लाच घेत नाही, आवाज चढवत नाही, चहा पाजतो आणि काम अडवतो. त्याच्याशी भांडायचीही सोय नसते. गिऱ्हाईक जीव खातंय, असं मी किती वेळा सांगितलं असेल. साहेबांचं उत्तर ठरलेलं.

"घाई तुले हाय, मातीले नाही."

आमच्याकडची माती काळी. उन्हात भेगाळते, पाण्याने फुगते आणि घाईने लोटलेली असली की पुढे कधीतरी खाली बसते. मग चराच्या जागी नाली तयार होते. हे मलाही कळत होतं. पण थर टाका, पाणी मारा, धुमसाने ठोका, पुन्हा थर टाका, हे अकोल्याच्या मे महिन्यात एकदा करून बघा, मग नियमांवर बोलू. साहेबांच्या घरातलं कोणीतरी अशा खड्ड्यात पडलं असेल, म्हणून हे वेड, असं आम्ही ठेकेदार आपसात म्हणायचो. एकदा मी धीर करून विचारलंच. ते हसले.

"तसं काही नाही बाप्पा. तोच गड्डा पुन्हा पुन्हा पाहाचा मले कंटाळा येते."

माझ्या सहनशक्तीचा अंत शोभाताईंच्या कामात झाला. जुन्या शहरात एका अरुंद गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. नवरा लकव्याने अंथरुणाला खिळलेला. पाणी सुटलं की शोभाताई समोरच्यांच्या नळावरून हंडे वाहायच्या. नवऱ्याचं अंथरूण-पांघरूण धुण्यातच त्यातलं निम्मं जायचं आणि समोरची बाई आता दार पूर्ण उघडेनाशी झाली होती. म्हणून त्यांना पावसाळ्याआधी नळ हवा होता. एकदा खोदकाम बंद झालं की दिवाळीपर्यंत पुन्हा हंडे आणि पुन्हा ते अर्धं दार. आणि माझी परवानगी अडली होती, कारण स्टेशनकडच्या गल्लीतल्या माझ्या आधीच्या चरात साहेबांचा पाय घोट्यापर्यंत गेला होता.

मी शोभाताईंनाच ऑफिसात घेऊन गेलो. बाईंकडे बघून तरी त्यांना पाझर फुटेल, असं वाटलं. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, नवऱ्याला कधीपासून असं झालं ते विचारलं. शेवटी म्हणाले, "ताई, तुमचं समदं खरं हाय. पन याचा आधीचा चर बसला नाही."

बाहेर आल्यावर मी साहेबांना अशा काही शिव्या घातल्या, की शोभाताई दुसरीकडे बघू लागल्या.

त्याच दुपारी साहेब डोक्याला दुपट्टा बांधून स्टेशनकडच्या गल्लीत हजर. मला चर उकरायला लावला आणि जवळच्या घरातून पाणी मागून स्वतः बादलीने मारू लागले. एक थर, पाणी, ठोक. मी ठोकताना मनात शिव्या देत होतो आणि ते पाणी मारताना शोभाताईंच्या नवऱ्याला कोणता डॉक्टर बघतो याची चौकशी करत होते. ऊन उतरल्यावर त्यांनी उडी मारली. पाय खचला नाही. तिथेच मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी शोभाताईंच्या परवानगीवर सही केली.

खोदकाम बंद व्हायच्या आत नळ लागला. चर मी मन लावून भरला होता, निदान मला तसं वाटत होतं. साहेब आले, नेहमीचं विचारलं, उडी मारली आणि कोपऱ्यात त्यांचा पाय खचून मुरगळला. आम्ही त्यांना धरून शोभाताईंच्या ओट्यावर बसवलं. घोटा बघता बघता सुजला. ज्या पाण्यासाठी एवढं रामायण झालं, त्याची पहिली बादली शोभाताईंनी साहेबांच्या पायावर ओतली. ते डोळे मिटून बसले होते. डोळे उघडून माझ्याकडे वळले.

"तो कोपरा पुन्हा भर."

मी भरला. दुसरं काय करणार?

पुढे साहेब निवृत्त झाले आणि अमरावतीकडे, वलगावच्या पुढे असलेल्या आपल्या गावी गेले. आता परवानगी संगणकावर मिळते. भरलेल्या चराचा फोटो पाठवला की झालं. फोटोत माती नेहमीच बसलेली दिसते. सुरुवातीला मी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

मागच्या हिवाळ्यात ते गेल्याचा निरोप आला. शोभाताईंना कळवलं, तर त्या म्हणाल्या, मीही येते. नवऱ्याला नणंदेच्या हवाली करून त्या माझ्याबरोबर निघाल्या.

साहेबांच्या घरासमोरूनच कसलीतरी पाइपलाइन गेली होती आणि वर माती नुसती लोटलेली होती. तिरडीला पुढचा खांदा माझा होता. अंगणातून रस्त्यावर आलो आणि माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला. तिरडी कलली. मागच्यांनी सावरली. अशा वेळी बोलू नये ते माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं.

"कोनं भरलं हे?"

तोवर कोरडे राहिलेले माझे डोळे त्या वाक्याने भरून आले.

परत आल्यावर माणसं पांगली. मी शेजारून फावडं मागून आणलं आणि चर उकरायला घेतला. धुमस नव्हता, एक जाड लाकूड मिळालं. शोभाताई काही न विचारता पाण्याची बादली घेऊन आल्या. एक थर, पाणी, ठोक. गाडी चुकेल, असं कोणीतरी दोनदा सांगून गेलं. लोक ओट्यांवरून बघत होते.

परवानगी मात्र आम्ही घेतली नव्हती. साहेब असते, तर काम तिथेच थांबवलं असतं.