सासूबाईंनी पाहिलेलं हिमाचल

मोगऱ्याची कळी कोणासाठी थांबत नाही. पहाटे खुडली तर बाजार, उमलली तर मातीमोल. मोगरा सरला की थंडीत कागड्याची फुलं, आणि केळींना पाणी तर बारमाही. त्यामुळे निर्मळ गावातल्या आमच्या वाडीत सून म्हणून आलेल्या माझ्या सासूबाई जन्मात कुठे मुक्कामाला गेल्या नाहीत. लग्नकार्यालासुद्धा जेवून परत.

मी मात्र पक्की भटकभवानी. माणिकपूरच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी, आणि सुट्टी लागली की पिशवी पाठीला. सासूबाईंनी कधी एका शब्दाने अडवलं नाही, पण वसुली सोडली नाही. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला टोपली देऊन मोगऱ्यात उभं करायच्या आणि म्हणायच्या, हं, सांग. देवळं-राजवाडे सुरू केले की तोंड वाकडं. तिथल्या बायका कपडे कुठे वाळत घालतात? विहिरीचं पाणी गोडं की मचूळ? सून आधी जेवते की शेवटी? अहो, मी काय खानेसुमारीला गेले होते? पण उत्तर नसलं की त्या अशा हिरमुसायच्या, की पुढच्या वेळी मी निमूट बघून यायची. हिमाचलात सगळे बर्फात फोटो काढत होते, आणि मी लॉजच्या मागे मालकिणीचे थंडीने पापडासारखे कडक झालेले कपडे बघत होते. तिने चहा पाजला, सासूची गाऱ्हाणी सांगितली. खरं सांगते, मला बघायला शिकवलं ते घर न सोडलेल्या या बाईने.

गेल्या वर्षी वाडीच्या तोंडाशी ओल्या पालापाचोळ्यावरून माझी स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन आत सळई बसली. डॉक्टरांनी बजावलं, आता चालला नाहीत तर पाय कायमचा आखडेल. कळत होतं हो सगळं. पण वॉकर पुढे आला की परत पडेन या भीतीने मी तो मागे ढकलायचे. नवऱ्याने समजावलं, मग रागावला. व्यायाम घ्यायला येणारी मुलगीही कंटाळली. मी आपली भिंतीकडे तोंड करून पडलेली.

एका सकाळी सासूबाई कळ्यांची टोपली घेऊन माझ्या खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, चल, आज हिमाचलला जाऊ. आणि निघाल्याच की! ती मालकीण, ते कपडे, मग ते कपडे चुलीशी आधी कोणाचे शेकायचे यावरून सासू-सुनेचं जुंपलेलं भांडण. मी म्हटलं, आई, असं काही झालं नव्हतं.

"तू दोन दिवस राहिलीस तिथं," त्या म्हणाल्या. "मी अजून जाते."

मग रोज सकाळी एक गाव. केरळ झालं, राजस्थान झालं. मी सकाळची वाट बघू लागले, हसूसुद्धा लागले. पाय मात्र होता तिथेच.

आणि एक दिवस त्या येऊन बसल्या, पण गाव काही निघालं नाही. कळ्या निवडत राहिल्या. शेवटी मीच म्हटलं, हं, सांगा.

"संपली सगळी गावं. तू आणलीस तेवढीच होती माझ्याकडं." त्यांनी माझ्या पायावर हात ठेवला. "तू नाही उठलीस तर आता मी कुठं जाऊ, पोरी?"

आवाजात राग नव्हता. त्या घाबरल्या होत्या. इतके दिवस मला वाटत होतं की भीती माझ्या एकटीचीच आहे. मला रडू फुटलं, आणि रडतरडतच मी वॉकर ओढला.

फाटकापर्यंत गेले. देव आठवले. दोनदा वाटलं, बसावं खाली. परत येऊन खाटेवर टेकले तेव्हा अंगाला दरदरून घाम सुटला होता. सासूबाई टोपली बाजूला सारून वाट बघत होत्या. मी सांगत सुटले. शेजाऱ्यांनी कुंपणाला नवी जास्वंद लावलीय. केळीचे घड लादलेला एक सायकलवाला मला बघून उतरला, तब्येत विचारून गेला. आपल्या पायरीचा कोपरा फुटलाय. त्या एकेक शब्द ऐकत होत्या, डोळे पुसत होत्या.

"आणि फाटकाच्या बाहेर?"

बाहेर नाही गेले, मी म्हटलं.

"मग उद्या बघून ये."