इथेनॉलवरची चढण

माझ्या नवऱ्याला सगळा बाजार डॉक्टर म्हणतो. शिक्षण विचाराल तर शाळा अर्धवट सोडलेली, पण इंजिनाच्या पोटात काय दुखतंय ते हे नुसतं ऐकून सांगायचे. तांब्याची एक नळी. तिचं एक टोक चपटं करून इंजिनाला बोल्टनं आवळायचं, दुसरं कानावरच्या जाड टोपणात घुसवायचं, आणि डोळे मिटून बसायचं. टर्बो बसवलेल्या इंजिनात जास्त हवा कोंबली की पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि आत टकटक सुरू होते. ती वेळेवर ऐकली तर इंजिन वाचतं, नाहीतर पिस्टनला भोक पडतं. लोक लांबलांबून गाड्या घेऊन यायचे ते या कानांसाठी.

आम्ही गॅरेजच्या वरच्याच खोलीत राहतो. मी दिवसभर कारखान्यात शाळेचे गणवेश शिवते, आणि घरी आल्यावर खालच्या गाड्यांची घरघर. जीव अगदी विटून जातो. इतकी वर्षं तो आवाज ऐकून मलाही कुठली गाडी बरी आणि कुठली आजारी ते कळायला लागलंय.

दोन वर्षांपूर्वी यांच्या डोक्यात इथेनॉलचं, म्हणजे पेट्रोलऐवजी अल्कोहोलवर गाडी चालवायचं खूळ शिरलं. आमच्या जुन्या पेट्रोल ट्रकला टर्बो होताच. आता त्याला मोठे इंजेक्टर, मोठा पंप, नव्या नळ्या. पहिल्याच आठवड्यात अल्कोहोलनं टाकीतली सगळी जुनी घाण सोडवली आणि फिल्टर तुंबून ट्रक भर चौकात बंद पडला. गारठा असला की सकाळी सुरू होताना तो नाकी नऊ आणायचा, आणि इंधन तर ढोसायचा नुसता. मी म्हटलं, "हे नसते उद्योग कशाला?"

"थंड जळतं गं ते," हे म्हणाले. "टकटक म्हणून होत नाही. कितीही हवा कोंब."

त्याच सुमारास आमच्या घरातलं बोलणं आटलं. मी कारखान्यातलं काही सांगावं, तर यांचं नुसतं "हं". आधी मी भांडले, मग रुसले, मग तेही सोडून दिलं. या माणसाला आपला कंटाळा आलाय अशी मी समजूत करून घेतली. या वयात त्याचं काय करणार? मीठ संपलं, बिल भरा, एवढंच बोलायचं आणि दिवा मालवायचा.

गिऱ्हाईकंही कमी होत चालली होती. का, ते मला कळत नव्हतं. मग बर्फवाला आला. त्याचा बर्फाचा कारखाना आणि सहा ट्रक. डोंगरावरच्या बाजारात पोचेपर्यंत निम्मा बर्फ रस्त्यावर वाहून जायचा. तो म्हणाला, "डॉक्टर, तुमचा ट्रक भरल्या बर्फानिशी झपाट्यानं वर गेला, तर माझे सहाही ट्रक असेच करायला तुमच्याकडे." हे काम हुकलं तर गॅरेजला कुलूप लावून कुठंतरी वॉचमन व्हायचं, हे यांनी ठरवूनच टाकलं होतं.

चाचणीच्या सकाळी हे अंगणात काचेची नळी घेऊन बसले. तळाशी खुणेपर्यंत पाणी, वर इंधन, आणि खळाखळा हलवायचं. अल्कोहोल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर राहतं, आणि मधली रेघ जिथं थांबेल त्यावरून मिश्रण किती ते कळतं. त्या दिवशी रेघ बरीच खाली थांबली, म्हणजे अल्कोहोल कमी. थंडीत गाड्या सुरू व्हाव्यात म्हणून पंपवाले पेट्रोल वाढवतात, तसंच झालं होतं. यांच्या कपाळावर आठ्या.

मी समोर उभी राहून म्हटलं, "मग हवा कमी करा."

"कमी केली तर ट्रक चढेल कसा? बर्फवाला शेजारी बसून बघणार आहे." यांनी नळी ओतून टाकली. मग म्हणाले, "तू पण चल."

दोन वर्षांत यांनी मला कुठं चल म्हटलं नव्हतं. मी कारखान्यात सुट्टी टाकली, चांगले कपडे काढले, केससुद्धा नीट विंचरले. वय झालं तरी माणूस खुळं ते खुळंच.

ट्रकमध्ये मी मधे, गिअरचा दांडा गुडघ्याला टोचतोय, खिडकीपाशी बर्फवाला. चढण सुरू झाली, टर्बो शीळ घालायला लागला. हे माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "काही टकटक आली तर सांग हं."

"तुम्हाला येईलच की ऐकू."

"हं," यांनी रस्त्याकडे बघत म्हटलं.

सगळ्यात खड्या वळणावर आवाज आला. पत्र्याच्या डब्यात सुके वाटाणे हलवल्यासारखा. आधी बारीक, मग ठळक. मी यांच्याकडे पाहिलं. पाय तसाच दाबलेला, चेहरा शांत, आणि ओठांवर चक्क हसू. बर्फवाला मांडीवर थाप मारून "वा डॉक्टर, वा!" म्हणत होता.

यांना ऐकूच येत नव्हतं. टकटक न करणारं इंधन यांनी कशासाठी शोधलं, ते "हं" कशाचं होतं, आणि आज मला कशाला आणलंय, ते सगळं तिथंच उलगडलं. राग तर असा आला, की खाली उतरून चालू लागावं. पण तोंड उघडावं तर बर्फवाल्यासमोर डॉक्टर संपले, आणि न उघडावं तर इंजिन संपलं.

मी यांच्या गुडघ्यावर जोरात हात मारला. "अहो, थांबवा! मला मळमळतंय!"

ट्रक कडेला लागला. बर्फवाला वैतागला. "वहिनी, ऐन चढात? डॉक्टर, बायकोला आणलंत कशाला?"

हे आधी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी डोळ्यांनीच इंजिनाकडे खुणावलं. यांनी इंजिन बंद केलं.

"हिला काही झालेलं नाही," हे म्हणाले. "इंजिन वाजत होतं. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

बर्फवाला काही वाईट माणूस नव्हता. त्यानं खाली मान घातली, फोन करून दुसरा ट्रक मागवला, बर्फ त्यात भरून घेतला. जाताना यांच्या खांद्यावर हात ठेवून "कळवतो" म्हणाला. तो काय कळवणार ते आम्हा दोघांना कळलं होतं.

आम्ही रस्त्याच्या कठड्यावर बसून राहिलो. मी यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. "मला का नाही सांगितलं?"

हे माझ्या ओठांकडे बघत होते. "सांगितलं असतं तर तू ओरडून बोलायला लागली असतीस. बहिऱ्याशी सगळे तसंच बोलतात. तुझा आवाज जसा आहे तसा थोडाथोडा येत होता. म्हटलं, येतोय तोवर येऊ दे. मग तोही येईनासा झाला."

"आला नाही, कारण मी बोलणंच सोडलं होतं," मी खाली बघत म्हटलं. "मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला."

"काय म्हणालीस?" यांनी कान पुढे केला.

भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांसमोर, मला ते घसा फोडून पुन्हा म्हणावं लागलं. "मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला!"

या वेळी यांना ऐकू आलं. आणि यांचा चेहरा असा पडला, की इंजिन फुटलं असतं तरी तसा पडला नसता.