साडूंचा चालता उंदीर

आमच्या साडूंनी घरातली कुठलीही गोष्ट कधी पुरी केली नाही, आणि अपुरेपणाचा इतका अभिमान बाळगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दोष सगळा पाचशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन माणसाचा. चित्रं काढणारा, यंत्रं जुळवणारा, उडायची स्वप्नं बघणारा तो दाढीवाला म्हणजे साडूंचा गुरू. त्याचा उल्लेख ते 'आमचे बुवा' असा करत, जणू कोथरूडला शेजारीच राहत होता. "बुवांनी सरदाराला ब्राँझचा घोडा कबूल केला आणि मातीचाच करून ठेवला. पण नाव कुणाचं राहिलं? सरदाराचं की बुवांचं?" असं त्यांनी विचारलं की स्वयंपाकघरातून ताईचा, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचा आवाज येई, "आधी तो मिक्सर जोडा!"

इथे परदेशात, तुआसच्या एका जहाजांच्या यार्डात ते क्रेनच्या देखभालीचे इंजिनियर होते. तिथली क्रेन ते वेळेच्या आत चालू करून देत. हा शहाणपणा यार्डाच्या फाटकाबाहेर मात्र येत नसे. बुवा उलट्या अक्षरांत लिहीत, म्हणून साडूही लिहू लागले. बुवा डावखुरे आणि आपण उजवे, हा फरक त्यांना किरकोळ वाटला. देवनागरीची शिरोरेघ तेवढी जागेवर राहिली. एकदा ताईने सांगितलेली वाणसामानाची यादी त्यांनी अशी उलटी लिहून घेतली आणि खाली उतरल्यावर त्यांनाच ती वाचता येईना. मग कॉन्डोच्या लिफ्टमधल्या आरशापुढे कागद धरून चौदाव्या मजल्यापर्यंत दोन फेऱ्या मारल्या, आणि तरी कोथिंबीर विसरले ती विसरलेच.

बाल्कनीच्या भिंतीवर त्यांनी ताईच्या माहेरची जेवणाची पंगत रंगवायला घेतली, तीही बुवांसारखा घरी कालवलेला रंग वापरून. इथल्या दमट हवेत दोन महिन्यांत पोपडे निघू लागले. सगळ्यांत आधी माझं नाक पडलं. ताईने कपाळाला हात लावला. साडू मात्र हरखून गेले. "बुवांच्या पंगतीचंही अस्संच झालं होतं, साडूभाऊ!"

गेल्या वर्षी यार्ड बंद पडलं. कामाचा पास रद्द होणार, देश सोडावा लागणार. परमनंट रेसिडेन्सीचा अर्ज? तो अठरा वर्षं खणात होता, अर्धा भरलेला. त्या दिवशी कुणीच हसलं नाही. ताई एवढंच म्हणाली, "निघायच्या आधी गणपती आहेत. या देशात एक तरी गोष्ट पुरी करा."

बुवांनी राजासाठी म्हणे चालणारा सिंह केला होता; छाती उघडून तो फुलं वाही. साडूंनी लाकडी उंदीर करायला घेतला. किल्ली दिली की दारापासून गणपतीपर्यंत चालत जाणार आणि पोट उघडून जास्वंद वाहणार. महिनाभर ते बुवांचं नावसुद्धा न काढता मान खाली घालून तासत, घासत बसले. हा उंदीर अडला तर साडू मोडतील असं मला वाटत होतं.

आरती झाली. उंदीर निघाला, टक टक करत हॉलभर चालला, आणि गणपतीपासून दोन विती अलीकडे थांबला. पोट काही उघडलं नाही.

"आय्या बाबा, सो निअर ऑलरेडी!" त्यांची लेक हळहळली.

साडूंचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात ताई खाली बसली, तिने उंदराचं पोट बोटांनी उघडलं, जास्वंद काढून गणपतीला वाहिलं आणि म्हणाली, "अहो, पोचलं."

ते पुण्याला गेले. उंदीर सामानात मावेना, म्हणून माझ्याकडे राहिला. रॅफल्स प्लेसच्या माझ्या बँकेतून घरी येताना एमआरटीच्या गाडीत त्यांची फार आठवण येते. पुरी झालेली माणसं बँकेत रोज भेटतात. त्यांच्याशी बोलायला काही उरत नाही.

यंदा आरतीनंतर मी किल्ली दिली. आमची फरशी जास्त गुळगुळीत असावी. उंदीर थेट गणपतीपुढे गेला, थांबला आणि पोट उघडून त्याने जास्वंद वाहिलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्यात पुण्याहून साडूंचा फोन.

"पोचला का हो?"

मी उंदराकडे पाहिलं. "नाही ना. दोन विती राहिल्या."

"वाटलंच मला!" त्यांचा आवाज एकदम तरतरीत झाला. "हात लावू नका हं त्याला कुणी. पुढच्या गणपतीला मी स्वतः येतो."

मी फोन ठेवला आणि उंदीर उचलून दोन विती मागे ठेवला.