तोफेला झालेलं बायकी दुखणं

चादर अर्धी पिळून झाली होती. एक टोक माझ्या हातात, दुसरं जाऊबाईंच्या हातात, आणि मधल्या पिळातून पाण्याची धार मोरीत पडत होती. तेवढ्यात आतून भाऊजींचा खोकला सुरू झाला आणि जाऊबाईंनी आपलं टोक सोडून दिलं. सगळा पीळ उलगडून चादर माझ्या पायांवर आली.

"आता दिवसासुद्धा!" त्या म्हणाल्या. "रात्रीचा पुरत नव्हता वाटतं."

भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे थोरले भाऊ. देव प्रत्येकाला एकेक देणगी देतो. भाऊजींना दिली ती आम्हा सगळ्यांच्या कानांवर बेतली. ते फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारतात. पेट्या उघडल्या की ओट्यावर उभं राहायचं, माल दाखवायचा आणि भाव चढवत न्यायचा. बाजारात त्यांना 'तोफ' म्हणतात. शेजारच्या ओट्यावर त्यांच्याच वयाचा एक जण माइक धरून पुकारतो, त्याच्याकडे भाऊजी लंगड्याकडे बघावं तसं बघत. "माइक म्हणजे गळ्याची कुबडी," असं त्यांचं मत होतं, आणि भाऊजींचं मत आमच्या घरात कायद्यासारखं असतं. फरक इतकाच, की कायदा कधीतरी बदलतो.

अशा माणसाचा घसा धरला. आधी नुसती खवखव होती. मग गिळताना काहीतरी अडकल्यासारखं वाटू लागलं. मग पाठ टेकली की खोकला. उताणं झोपलं की जास्त, बसलं की कमी. शेवटी ते तीन उशा लावून, सभेच्या अध्यक्षासारखे बसून झोपू लागले. पहाटे मी देवापुढे बसते, तर जपाच्या प्रत्येक नामाला पलीकडच्या खोलीतून खोकल्याची साथ. देवालाही कोण कोणाला हाक मारतंय ते कळत नसेल.

कारणं भाऊजींनी स्वतःच शोधली. उशीतला कापूस जुना आहे. पंखा तोंडावर येतो. जाऊबाईंनी फडताळ झाडलं. उशी बदलली, पंखा बंद केला, फडताळाला कोणी हात लावेना; खोकला जागच्या जागी. मग उपाय सुरू झाले. मिठाच्या गुळण्या, आलं-मध, वाफ. वाफेच्या भांड्यावर वाकून, डोक्यावर टॉवेल घेऊन ते असे बसत, की सासूबाई म्हणाल्या, "अरे, लपून काय खातोस?"

खरी भीती वेगळी होती आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. मोसम तोंडावर आला होता. मोठा ओटा कोणाला द्यायचा हे बाजार समितीचे अध्यक्ष तेव्हाच ठरवतात. आवाज फाटलेल्या माणसाला मोठा ओटा कोण देणार? आणि भाऊजींना त्या ओट्याशिवाय दुसरं काही येत नाही. साधं दूध आणायला सांगितलं, तर पिशवी विसरून येतात.

शेवटी जाऊबाईंनी त्यांना धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोबत मी. बाईंनी मागे उभं राहून भाऊजींच्या मानेवर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "गिळा." भाऊजींनी गिळलं. "पुन्हा." पुन्हा गिळलं. मग रक्त तपासायला पाठवलं, आणि रिपोर्ट बघून सांगितलं, "काका, थायरॉईड आहे. ग्रंथी सुजली आहे, आडवं झालं की ती श्वासनळीवर दाबते. म्हणून रात्रीचा खोकला."

भाऊजींनी रिपोर्ट उलटून पाहिला. मग अगदी अदबीने म्हणाले, "बाई, दुसऱ्या कोणाचा रिपोर्ट तर नाही ना? वरचं नाव बघा की, कोणी बाईमाणूस असेल."

याला कारण होतं. आमच्या घरात सासूबाईंना थायरॉईड, जाऊबाईंना थायरॉईड. दोघी रोज सकाळी उपाशीपोटी पांढरी बारीक गोळी घेतात. त्यावर भाऊजींनी वर्षानुवर्षं तोंडसुख घेतलेलं. "तुम्हा बायकांचं थायरॉईड म्हणजे दागिन्यासारखं," म्हणायचे, "एकीने केला की दुसरीला हवाच." आता तो दागिना स्वतःच्याच गळ्यात पडला होता.

घरी येताना त्यांनी आम्हा दोघींकडून वचन घेतलं. आईला सांगायचं नाही, बाजारात तर नाहीच. विचारलं तर ॲलर्जी म्हणायचं. जाऊबाई म्हणाल्या, "बरं. पण गोळी घ्याल ना?" "घेतो की," भाऊजी म्हणाले, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पण सासूबाईंच्या डोळ्यांदेखत सकाळी त्यांच्यासारखीच गोळी कशी घेणार? भाऊजींनी तोड काढली. सगळ्या गोळ्या पाकिटातून सोलून खोकल्याच्या वड्यांच्या पत्र्याच्या डबीत भरल्या आणि डबी खिशात. चहा-नाश्ता करून बाजारात जायचं आणि तिथे ओट्यावर गोळी तोंडात टाकायची. उपाशीपोटी घ्यायची हे बाईंनी दोनदा सांगितलेलं. पण भाऊजींना ऐकण्याची सवय नाही, ते पुकारणारे.

आता बाजाराची एक रीत आहे. ओट्यावर कोणी एकट्याने काही खात नाही. खिशातून जे निघेल ते हात पोहोचेल तिथवर फिरतं. नाही फिरवलं तर माणूस कंजूष ठरतो आणि त्याच्या ओट्याकडे गिऱ्हाईक वळत नाही. भाऊजींनी डबी उघडली, तशी माल तोलणाऱ्याने विचारलं, "काय रे तोफ, एकटाच?"

"घशाची आहे," भाऊजी म्हणाले. "आवाज खुलतो."

झालं. सगळं आयुष्य ओरडण्यात घालवलेल्या माणसांसमोर हे वाक्य! रोज हात पुढे येऊ लागले. तोलणारा एक घेई. माइकवाला लाजत लाजत घेई. खुद्द अध्यक्ष येता-जाता दोन उचलत, कारण ते अध्यक्ष. आणि भाऊजी खोकत खोकत वाटत. दानधर्म म्हणावा तर असा.

हे सगळं आम्हाला कळलं ते दुसऱ्या वेळी, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. नवा रिपोर्ट जुन्याइतकाच वाईट होता आणि खोकला तर वाढलेला. बाईंनी विचारलं, "गोळ्या नीट घेताय ना?"

"घेतो की. पण... संपल्या लवकर."

"संपल्या कशा? अजून बऱ्याच दिवसांच्या उरायला हव्यात."

मग एकेक बाहेर आलं. जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, तरी हसू दाबता आलं नाही. बाई मात्र हसल्या नाहीत. "गरज नसताना ही गोळी घेतली तर हृदयावर ताण येतो. त्यांच्यात हृदयाचा त्रास कोणाला आहे?" त्यांनी विचारलं.

भाऊजींचा चेहरा उतरला. "अध्यक्षांना," ते हळूच म्हणाले. "छातीत धडधडतं म्हणत होते चार दिवसांपासून."

"तर आत्ता जा आणि त्यांना सांगा. सगळ्यांना सांगा."

रिक्षात भाऊजी रिकामी डबी उघडमीट करत बसले. मग एकदम म्हणाले, "फक्त अध्यक्षांच्या कानात सांगितलं तर?"

"आणि बाकीचे?" जाऊबाई म्हणाल्या. "त्यांच्या बायकांना मी जाऊन सांगू?"

"ओटा जाईल गं."

"जाऊ दे. माणूस नको जायला."

भाऊजींनी रिक्षावाल्याला बाजाराचा रस्ता सांगितला, हीच त्यांची संमती. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिली.

बाजारात लिलाव ऐन रंगात होता. सगळीकडे उघड्या पेट्या, गवताच्या काड्या आणि पिकल्या फळांचा वास. भाऊजी ओट्यावर चढले. तोंड उघडलं, तर आवाजाऐवजी खोकलाच आला. मग त्यांनी शेजारी हात पुढे केला. माइकवाल्याला कळेना, कारण या हाताने कधी काही मागितलंच नव्हतं. त्याने माइक दिला.

"ऐका," भाऊजी म्हणाले. "माझ्या डबीतल्या गोळ्या ज्यांनी खाल्ल्या, त्या घशाच्या नव्हत्या. थायरॉईडच्या होत्या. मला थायरॉईड आहे. आजपासून कोणी खायच्या नाहीत, आणि ज्याला काही त्रास होतोय त्याने डॉक्टरकडे जायचं."

मग जे हसू फुटलं!

"अरे तोफ, बाळंतपण कधी?" तोलणारा ओरडला.

"हळदीकुंकवाला बोलव रे!" दुसरा.

भाऊजी मान खाली घालून उभे. हसणाऱ्यांत अध्यक्ष मात्र नव्हते. त्यांनी पेटीवर बसून छातीवर हात ठेवला होता. "म्हणजे मी त्या हृदयाच्या डॉक्टराला उगाच शिव्या घातल्या," ते म्हणाले. "त्याच्या औषधाने धडधडतं म्हणून दोन दिवस त्याचं औषध बंद केलंय मी."

हसू तिथेच थांबलं. भाऊजी ओट्यावरून उतरले, अध्यक्षांच्या दंडाला धरलं, आमच्याच रिक्षात बसवलं आणि त्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आम्ही दोघी चालत घरी आलो. देवकृपेने अध्यक्षांना काही झालं नाही. डॉक्टरांनी ईसीजी काढला, औषध पुन्हा सुरू केलं आणि भाऊजींना चांगलं झापलं. मोठा ओटा मात्र माइकवाल्याला मिळाला. अध्यक्ष म्हणाले, "राग नाही रे, पण आवाज आहे कुठे तुझ्याकडे?" हे खरंच होतं, आणि खऱ्यावर भाव चढवता येत नाही. या मोसमात भाऊजी माइकवाल्याच्या ओट्याखाली उभे राहून मालाची पारख सांगतात.

सासूबाईंना अर्थात सगळं कळलं. रोज सकाळी त्या तीन पेले पाण्याचे भरतात आणि हाक मारतात, "ये रे, घाल दागिना." भाऊजी निमूट येतात, गोळी घेतात आणि चहाची वाट बघत बसतात. त्या वेळात ते आम्हाला थायरॉईड म्हणजे काय हे समजावून सांगतात. ग्रंथी कशी असते, उपाशीपोटीच का घ्यायची, निष्काळजीपणा कसा अंगाशी येतो. जाऊबाई इतकी वर्षं गोळी घेतायत; त्यांनाही सांगतात. आवाज बसलेला आहे म्हणून ऐकायला जवळ बसावं लागतं, एवढाच काय तो त्रास.

खोकला थोडा उतरलाय, पण उशा अजून तीनच आहेत. सूज कितपत आहे, नुसत्या गोळीवर भागेल की कापावं लागेल, आणि आवाज परत येईल का, हे डॉक्टरीणबाई अजून सांगत नाहीत. आधी आतलं चित्र हवं म्हणतात. भाऊजी वरवर म्हणतात, "बघू." पण काल त्यांनी मला देवापुढे त्यांच्यासाठीही दिवा लावायला सांगितलं, आणि तो लावताना मागे उभे राहिले.

उद्या सकाळी त्यांना मानेच्या सोनोग्राफीला जायचं आहे.