काकूंचा कागद

काकू कागद आधी कानाजवळ नेत. एक टोक धरून हलकेच झटकत. आवाज कुरकुरीत आला तरच तो प्रिंटरमध्ये जाई. मऊ आवाजाचा कागद ओल धरलेला, तो मशीनमध्ये अडकणार किंवा गुंडाळी होऊन बाहेर येणार, हे त्यांचं गणित क्वचितच चुकलं. आलापल्लीच्या पावसाळ्यात सगळंच ओल धरतं. म्हणून उघडलेलं रिम त्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवत.

आम्ही दोघींनी मिळून प्रिंटिंगचं दुकान टाकलं, त्याआधी काकू शिवणकाम करायच्या. त्यामुळे कागदालाही त्या कापडासारखाच हात लावत. "यालेही उभा-आडवा धागा असते," असं म्हणून कागद दोन्ही बाजूंनी वाकवून बघत. स्वस्तातला, भुकटी सोडणारा कागद मी आणला की रागवत नसत; माझ्याच काळ्या ओढणीवर घासून नुसती ओढणी दाखवत.

एकदा मुलचेऱ्याकडचा एक शेतकरी आला. बायको नुकतीच वारलेली. तिचा एकच फोटो, तोही जुन्या मोबाइलमध्ये. चंद्रपूरहून त्याने मुद्दाम चकचकीत फोटोपेपर आणला होता. काकूंनी तो बोटांनी चाचपला आणि परत केला. त्याचा चेहरा पडला.

"आमच्यासाठी चांगला कागद चालत नाई काय, बाई?"

"तसं नाई, भाऊ. हा शाईच्या मशीनचा कागद आहे. आमचं मशीन आतून तापते. याची चमक वितळून चिकटंन, अन् तुमच्या बाईचा चेहराच खराब होईन."

मग फोटो भिंतीवर लावायचा का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "नाई. पोरगी मोबाइल उराशी धरून झोपून राह्यली. तिच्या हातात द्याचा आहे."

 काकूंनी आधी खरबरीत जाड कागद लावून पाहिला. दुमडल्यावर रंगाचे कण सुटले. मग आमच्या लेझर मशीनचाच गुळगुळीत, जाड कागद काढला, मशीनला जाड कागदाची सेटिंग दिली आणि फोटो सावकाश बाहेर येऊ दिला. गार झाल्यावर त्यावर स्वतःचा घामेजला अंगठा दाबून घासला. रंग हलला नाही. तेव्हाच त्यांनी तो त्याच्या हाती दिला. तो पायरीवर बसून बराच वेळ बघत राहिला.

पुढे गुडघे साथ देईनात, म्हणून काकू लेकीकडे नागभीडला गेल्या. दुकान आता मी एकटीच बघते.

परवा एक मुलगी आली. इथे शिकायला राहते म्हणाली. वहीतून तिने तोच फोटो काढला. काकूंना दाखवायचा होता. मी फोन लावून स्पीकरवर टाकला आणि तिच्याकडे दिला.

काकूंनी विचारलं, "चेहरा पुसला नाई ना, बेटा?"

"नाई, आजी. कोपरे गेले. आई आहे."

 मग काकूंनी विचारलं, "जेवली काय तू?"