इमिग्रेशनबाईंची खिडकी

दापोडीच्या आमच्या गल्लीत दर रविवारी सकाळी एक खिडकी धाडकन आपटायची आणि पाठोपाठ आवाज यायचा, "रिटर्न!" नवीन भाडेकरू दचकायचे. जुनी माणसं पेपरातून मान वर न करता विचारायची, "आज कुणाला परत पाठवलं बाईंनी?"

आता ती खिडकी आपटत नाही. बाई मागच्या थंडीत वारल्या. गल्ली शांत झाली म्हणून काही लोकांना बरं वाटलं असेल, मला वाटलेलं नाही.

सगळे त्यांना इमिग्रेशनबाई म्हणायचे, अगदी तोंडावर. त्यांना ते आवडायचं. एका कंपनीच्या ऑफिसात त्यांनी नोकरीभर साहेबलोकांची विमानाची तिकिटं काढली, हॉटेलं ठरवली, व्हिशाचे कागद लावले. स्वतः मात्र कधी विमानात बसल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर कुणी भिशी चालवतं, कुणी देवदर्शनाला निघतं. बाईंनी बाहेरच्या खोलीतला दिवाण भिंतीला सरकवला आणि कंपनीच्या कामासाठी परदेशी निघालेल्या फिटर, वेल्डर, सुपरवायझर अशा लोकांना इंग्रजी शिकवायला घेतलं. 'शिकवायला' हा माझा शब्द. त्या म्हणायच्या, "मी माणसं तयार करते. व्याकरण पाहिजे असेल तर पुण्यात क्लास ढिगाने आहेत. माझ्याकडे फक्त विमानतळ, हॉटेल आणि मीटिंग."

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये ताटं द्यायची एक खिडकी होती. बाई आतल्या बाजूला स्टुलावर बसायच्या. आम्ही बाहेर रांगेत, हातात पासपोर्ट. ज्याचा पासपोर्ट अजून आला नसेल त्याने रेशनकार्ड आणलं तरी चालायचं. बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "पर्पज ऑफ व्हिजिट? हू इज पेइंग फॉर युअर स्टे?" त्यांच्या पाठीमागे फोडणी चडचडत असायची. कुकरची शिट्टी झाली की म्हणायच्या, "अनाउन्समेंट झाली समजा. उत्तर द्या." जो पास होईल त्याच्या मनगटावर त्या जांभळा शिक्का मारायच्या. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा टाकून दिलेला तो जुना शिक्का होता, त्यावर 'आवक' असं लिहिलेलं. सोमवारी चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये ज्याच्या मनगटावर 'आवक' दिसेल तो छाती काढून बसायचा.

शब्द त्या कामाचेच द्यायच्या. लेओव्हर म्हणजे विमान बदलतानाचा मधला थांबा, बॅग आली नाही तर कुठल्या काउंटरवर जायचं, कस्टमवाल्याने 'डिक्लेअर' म्हटलं की काय दाखवायचं, हॉटेलच्या बिलावर कंपनीचं नाव कसं घालून घ्यायचं. त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य होतं, "प्लीज पुट इट इन रायटिंग." म्हणायच्या, "हे वाक्य खिशात ठेवा. समोरचा कितीही फाडफाड बोलू दे, हे म्हटलं की तो हळू होतो."

आणि दोन शब्दांना त्यांच्या घरात बंदी होती. पहिला 'सॉरी'. "धक्का लागला, पाय पडला, चहा सांडला, तर सॉरी. इंग्रजी येत नाही म्हणून सॉरी कशाला? त्या जर्मनाला मराठी येत नाही, तो म्हणतो का सॉरी?" दुसरा शब्द 'ओन्ली'. एकदा एक वेल्डर खिडकीशी उभा राहून म्हणाला, "आय ॲम ओन्ली वेल्डर, मॅडम." बाईंनी पासपोर्ट त्याच्या अंगावर फेकला. "ओन्ली? तुझ्याशिवाय मशीनचा सांगाडा उभा राहणार आहे का? मग ओन्ली कोण, तू की तो?" बिचाऱ्याने पुढच्या रविवारी "आय ॲम वेल्डर" एवढंच म्हटलं, पण इतक्या जोरात की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.

बाईंचे यजमान, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कायम आतल्या बाजूला असायचे. पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते, तेही निवृत्त. खांद्यावर पंचा, समोर चहाचं पातेलं. बाई अधूनमधून मागे न बघता म्हणायच्या, "अहो, आज उभे राहताय का रांगेत?" आबा म्हणायचे, "चहा टाकतो." दर वेळी हेच उत्तर. आम्हाला ती नवराबायकोची थट्टा वाटायची.

मी त्या खिडकीशी गेले ते गरज पडली म्हणून. आमचं गाव लातूरकडचं, भावाच्या संसारात दापोडीला राहायचे आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, म्हणजे माप तपासायला होते. कंपनीने जर्मनीतून एक मोठं ग्राइंडिंग मशीन मागवलं होतं. ते जहाजावर चढण्याआधी कुणीतरी तिकडे जाऊन, चालवून, माप घेऊन, स्वीकारल्याची सही करायची होती. जाणारे साहेब ऐनवेळी नोकरी सोडून गेले आणि त्या मशीनचं माप ज्यांना कळतं त्यांच्यात मीच उरले. आमचे सर म्हणाले, "तू जाशील गं, पण तुला एअरपोर्टवरच कुणी अडवलं तर? तिथे काय बोलशील? महिन्याभरात तयारी दिसली तर तू, नाहीतर बाहेरचा माणूस पाठवतो." आमच्या शॉपमधून, म्हणजे मशीनवर काम करणाऱ्यांतून, आजवर कुणी परदेशी गेलं नव्हतं. मला जायचं होतं. कुठल्याही परिस्थितीत जायचं होतं.

आणि बाई मला दर रविवारी परत पाठवत होत्या. शब्द पाठ होते, वाक्यं पाठ होती, सगळं सुरळीत चालायचं. मग बाई एकदम आवाज चढवून विचारायच्या, "सो यू हॅव कम हिअर टु लुक फॉर वर्क?" आणि माझ्या तोंडून जायचं, "येस, मॅडम." खिडकी धाडकन. "रिटर्न!"

प्रश्न मला कळायचा. माझी अडचण वेगळीच होती. समोर टेबल, टेबलामागे बसलेलं माणूस, त्याचा चढलेला आवाज आणि आपण उभे, एवढं जुळून आलं की आमच्या तोंडून 'येस सर' निघतं. शॉपमध्ये पहिल्या दिवसापासून अंगात मुरलेलं असतं ते. काय विचारलं हे नंतर बघायचं, आधी येस सर.

तिसऱ्यांदा परत पाठवल्यावर मी चिडले. म्हटलं, "बाई, पुरे झालं हे नाटक. असं कोण विचारतं? आणि विचारलं तरी एका 'येस'ने काय आभाळ कोसळतं?"

 बाईंनी खिडकी पुन्हा उघडली. आत आबा पातेल्यात बघत उभे होते.

"सांगू का हो?" बाईंनी त्यांना विचारलं.

"सांग की," आबा म्हणाले. "पोरीला कळू दे."

मग बाईंनी सांगितलं. आबा तरुण असताना त्यांच्या कारखान्याने त्यांना परदेशी पाठवायचं ठरवलं, नवं मशीन शिकून यायला. गल्लीने हार घातले होते. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने आवाज चढवून तोच प्रश्न विचारला, इथे नोकरी शोधायला आलास का? आबा म्हणाले, येस सर. मिळाली तर राहशील का? येस सर. पुढच्या विमानाने त्यांना परत बसवलं. कारखान्यातले साहेब म्हणाले, शॉपमधली माणसं पाठवली की असंच होणार. त्यानंतर तिथल्या एकाही कामगाराला कधी पाठवलं नाही. आणि गल्लीने आबांचं नाव ठेवलं, रिटर्न. पोरं मागून ओरडायची.

"यांना इंग्रजी कळत होतं," बाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा बरं कळत होतं. पण नाही म्हणायला कुणी शिकवलंच नव्हतं. शाळेत नाही, कारखान्यात तर नाहीच. मग मी ठरवलं, ज्या शब्दाने हिणवलं तोच शब्द माझ्या घरात वापरायचा. इतका वापरायचा की त्याची धारच जाईल. आणि इथून जो जाईल तो नाही म्हणायला शिकूनच जाईल. आता उभी राहा."

मी उभी राहिले. बाईंनी प्रश्न विचारला. मी म्हटलं, "नो, मॅडम." आवाज फाटला, पण म्हटलं. बाईंनी शिक्का मारला नाही. "अर्धा पास," म्हणाल्या. "उरलेला तिकडून आल्यावर." निघताना एक गोष्ट मात्र सांगितली. "जिथे खुर्ची असेल तिथे आधी ओढून बसायचं आणि मग नाही म्हणायचं. जिथे नसेल तिथे उभ्याने. पण म्हणायचं."

सरांपुढे मी त्याच आवाजात दोन वाक्यं बोलून दाखवली आणि तिकीट माझ्या नावावर निघालं.

तिकडच्या विमानतळावर एक पेंगुळलेला तरुण अधिकारी होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, पासपोर्टवर शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. काही म्हणजे काही विचारलं नाही. हे मी नंतर बाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या भडकल्या! "विचारलंच नाही? कसली माणसं भरती करतात!"

खरा प्रश्न आला तो तिकडच्या कारखान्यात. मशीन देखणं होतं. सकाळचे पीस अचूक निघाले. दुपारी मशीन तापलं आणि माप सरकायला लागलं. मी दाखवलं. ते म्हणाले, इंडियात बसवल्यावर ॲडजस्ट करू. कॉफी आली, केक आला, कागद समोर आला आणि त्यावर पेन ठेवलं गेलं. ते सगळे बसलेले, मी उभी. माझ्या जिभेवर 'येस सर' येऊन बसलं होतं, खोटं कशाला सांगू? मी खुर्ची ओढली. बसले. म्हटलं, "आय विल नॉट साइन टुडे. प्लीज रन इट अगेन. अँड प्लीज पुट इट इन रायटिंग."

त्यांना राग आला नाही, याचंच मला नवल वाटलं. एकाने मान हलवली आणि फोन करायला बाहेर गेला. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. चाकणहून आमचे सर.

सरांचं नाव दिसलं आणि मी खुर्चीतून ताडकन उठले. इतक्या लांबून, फोनवर, आणि मी उभी! सर म्हणाले, "अगं, कशाला ताणतेस? कस्टमर इथे डोक्यावर बसलाय. सही करून टाक, इथे आलं की बघू."

इंग्रजीतलं 'नाही' सोपं होतं. ती माणसं उद्या मला भेटणार नव्हती. हे मराठीतलं होतं, ज्यांच्या हाताखाली मला रोज उभं राहायचं होतं त्यांना म्हणायचं होतं.  मला आबा आठवले, पातेल्यात बघत उभे असलेले.

"नाही सर," मी म्हटलं. "माप बसल्याशिवाय मी सही करणार नाही. तुम्हाला करायची असेल तर तुमच्या नावाने करा."

 मग सर म्हणाले, "बरं, बघ काय ते," आणि फोन ठेवला. तिकडच्यांनी मशीन उघडलं, काहीतरी बदललं, पुन्हा दिवसभर चालवलं. माप बसलं. मग मी सही केली, आणि ठळक केली. परत आल्यावर सर एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी नाही म्हणायच्या आधी मला विचारत जा." आता आमच्या शॉपमधली माणसं जातात. अडवणारं कुणी नाही. आणि मीटिंगमध्ये मी आधी खुर्ची ओढते, मग बोलते. लोक मला उद्धट म्हणतात. म्हणोत.

परतल्यानंतरच्या रविवारी मी खिडकीशी उभी राहून हे सगळं सांगितलं. बाईंनी मनगट पुढे करायला लावलं आणि उरलेला शिक्का मारला, इतक्या जोरात की कळ आली. रांगेतले टाळ्या वाजवत होते. आबा आतल्या बाजूने खिडकीशी आले.

"साहेबाला नाही म्हणलीस?" त्यांनी विचारलं. "आपल्या साहेबाला? उभ्यानं?"

"उभ्याने, आबा."

आबांनी गॅस बंद केला. खांद्यावरचा पंचा काढून ओट्यावर ठेवला. स्वयंपाकघराच्या दारातून वळून ते बाहेरच्या खोलीत आले आणि रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. पुढच्यांनी वाट करून दिली, तर म्हणाले, "नको, माझा नंबर येऊ दे."

नंबर आला. बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मला वाटलं, आता सौम्य होतील. पण बाईंनी आवाज चढवला, आमच्यापैकी कुणावरही चढवला नसेल इतका. "सो यू हॅव कम हिअर टु लुक फॉर वर्क?"

आबांचे हात पायजम्याच्या शिवणीला चिकटले. ओठ हलले, थांबले.

"नो, मॅडम," ते म्हणाले. "आय हॅव माय जॉब इन पिंपरी. आय विल गो बॅक ऑन माय ओन टिकेट."

निवृत्त होऊन वर्षं लोटलेल्या माणसाचं ते उत्तर होतं आणि कुणी हसलं नाही. मी रडले, त्यात लाजायचं काय?

बाईंनी त्यांचं मनगट हातात घेतलं, शिक्का नीट टेकवला आणि उचलला. "वेलकम," म्हणाल्या. हा शब्द त्यांनी आजवर कुणालाच दिला नव्हता. मग त्यांनी खिडकीची दोन्ही दारं आवाज न करता, हळूच लावून घेतली.